कॉम्प्युटरमधून येणारा तंबोरा

आमचा सीडी प्लेअर बंद पडला आणि त्याचं लेझरचं हेड कुठेच मिळेना. तेव्हा घरात जवळपास तीनशे सीडी, पत्र्याची एक ट्रंक भरून कॅसेटी, चांगला चालणारा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर एवढा ऐवज होता. नवा प्लेअर घ्यायचा की टेबलावरचा कॉम्प्युटरच या कामाला लावायचा, असा प्रश्न होता. प्लेअर घेणं सोपं होतं. पण ट्रंकेतल्या कॅसेटी दरवर्षी थोड्या थोड्या खराब होत होत्या आणि नव्या प्लेअरने त्यांचं काहीच भलं होणार नव्हतं. मला सगळं गाणं एका ठिकाणी हवं होतं, शोधलं की सापडेल असं, आणि ध्वनिमुद्रणात जेवढं आहे तेवढं सगळं कानावर येईल असं. म्हणून मी कॉम्प्युटरची वाट धरली.

आवाज चांगला की वाईट हे ठरवायला प्रत्येकाची आपली कसोटी असते. माझी कसोटी तंबोरा. मी मिरजेची. इथे दीडशे वर्षांहून जास्त काळ तंबोरे आणि सतारी घडतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांना इथे आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि उरुसात तिथे दरवर्षी गाणं होतं. अशा गावात वाढलं की कान नकळत तंबोऱ्याकडे जातोच.

पण तंबोरा धरण्यामागे पक्कं कारणही आहे. तार छेडली की ती घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर घासत कंप पावते, त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे कितीतरी अंश एकामागून एक उमलत जातात. जवारी, म्हणजे घोडीच्या पाठीचा तो उतार, नीट लागलेली असली की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. मूळ स्वर पहिला धरला तर हा पाचवा अंश. ध्वनिमुद्रणात हा सगळा पसारा गायकाच्या मागे, अगदी हलक्या आवाजात असतो. वाटेत कुठे काही कापलं गेलं किंवा मिसळलं गेलं तर गळ्यात ते चटकन कळत नाही, तंबोऱ्यात कळतं.

पहिली जोडणी सरळ होती. कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या सॉकेटमधून एक केबल ॲम्पच्या ऑक्स इनपुटला. गाणं सुरू झालं, पुरुष गायक, सा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा. त्या वेळी आमच्या ओळखीचे तंबोरे करणारे एक कारागीर घरी आले होते. मी त्यांना चाचा म्हणते. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "पहिली तार उतरलीय. पंचम खाली आलाय बघा."

मी गाणं थांबवलं. पंचम चालूच राहिला.

"मग हा तंबोरा नाही," चाचा म्हणाले. "हे तुमच्या घरातलं काहीतरी वाजतंय."

ते गेल्यावर मी कागदावर हिशेब मांडला आणि चाचांचा कान किती नेमका होता ते कळलं. सा काळी एकचा असेल तर तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर, पंचमाची १०४ वर आणि जोडीच्या तारा १३९ वर येतात. आपली वीज ५० हर्ट्झची. विजेची घरघर स्पीकरमध्ये शिरते तेव्हा ती ५० आणि तिच्या पटीत, म्हणजे १००, १५०, २०० अशी येते, आणि छोट्या स्पीकरमधून त्यातला १०० चा भाग जास्त ऐकू येतो. १०० आणि १०४ शेजारी-शेजारी वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे पडतात. उतरलेली तार नेमकी अशीच ऐकू येते. दुसऱ्या पट्टीतल्या गाण्यात हीच घरघर आणखी कुठल्यातरी स्वराला जाऊन खेटत असे. ढोल-ताशा किंवा बँडच्या संगीतात ही कुरबूर झाकून जाईल. आपल्या गाण्याचा पायाच एका अखंड स्वरावर असल्यामुळे ती इथे बेसूर म्हणूनच ऐकू येते.

घरघर कुठून येते हे शोधायला मी लॅपटॉप आणला, चार्जर काढला आणि तीच केबल त्याला लावली. घरघर गायब. चार्जर लावला, परत आली. म्हणजे केबल ठीक, ॲम्प ठीक. गडबड अर्थिंगची होती. डेस्कटॉप आणि ॲम्प दोघांनाही तीन पिनांचे प्लग, दोन वेगवेगळ्या भिंतींवर. दोघांच्या अर्थिंगच्या तारा भिंतीतून फिरून मेन बोर्डला एकत्र येतात आणि इकडे आवाजाच्या केबलची जाळी त्यांना पुन्हा जोडते. असं एक मोठं वर्तुळ तयार झालं की त्यात विजेचा बारीकसा प्रवाह फिरत राहतो आणि तो थेट आवाजात मिसळतो. यावर अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. घरघर नक्की थांबते, पण ॲम्पच्या आत कधी काही तुटून पत्र्याला लागलं तर तो पत्रा जिवंत होतो आणि ती पिन त्याच वेळेसाठी असते.

आधी मी दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणली. घरघर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. शिवाय आणखी एक त्रास होता: माउस हलवला, खिडकी वरखाली केली की स्पीकरमधून बारीक चिरचिर यायची. मदरबोर्डवरच्या साउंड चिपच्या अगदी शेजारी प्रोसेसर, मेमरी, पंखे यांची सगळी धावपळ चालू असते. कॉम्प्युटरमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या गर्दीत त्या आकड्यांचा आवाज करायचा म्हणजे थोडीफार झळ बसणारच. उपाय म्हणजे आकडे आकडे म्हणूनच बाहेर काढायचे आणि त्यांचा आवाज दुसरीकडे, शांत जागी करायचा. यासाठी स्वतंत्र डबी मिळते, तिला डॅक म्हणतात. मी साधी, मधल्या किमतीची घेतली, यूएसबी आणि ऑप्टिकल दोन्ही असलेली.

यूएसबीने जोडल्यावर चिरचिर गेली, पण रात्री कान लावला की घरघरीचा अंश उरलेला होता, कारण यूएसबीच्या केबलमध्येही जमिनीची तार असते आणि ते वर्तुळ तिच्यातून पुरं होतं. ऑप्टिकल लावल्यावर विषय संपला. ही पद्धत तोशिबाने १९८३ मध्ये आणली. प्लास्टिकच्या बारीक नळीतून लाल प्रकाश जातो, कॉम्प्युटर आणि ॲम्प यांच्यात तांब्याचा धागाच उरत नाही, आणि जिथे तार नाही तिथे वर्तुळ पुरं होणार कसं? माझ्या डेस्कटॉपच्या मागे ऑप्टिकलचं भोक कॉम्प्युटर घेतल्यापासून होतं. बऱ्याच जणांच्या मशीनला असतं. मागे वाकून एकदा बघावं.

आता डॅकवर आकड्यांचा छोटा पडदा होता. आलेला आवाज किती किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती हजार नमुन्यांचा, हे तो दाखवतो. सीडीवरून घेतलेलं गाणं लावलं की तिथे ४४.१ दिसायला हवं. दिसत होतं ४८. म्हणजे वाटेत कुणीतरी सगळे आकडे नव्याने मोजून लिहीत होतं.

या दोन आकड्यांमागे थोडा इतिहास आहे. सीडी १९८२ साली बाजारात आली. त्याआधी डिजिटल आवाज साठवायला सोयीची जागा म्हणजे व्हिडिओ टेप. चित्राच्या प्रत्येक ओळीत आवाजाचे ३ नमुने बसवायचे, अशा वापरण्याजोग्या ओळी २४५, सेकंदाला ६० वेळा: ३ गुणिले २४५ गुणिले ६०, बरोबर ४४,१००. युरोपच्या ५० वेळांच्या पद्धतीत २९४ ओळी धरल्या की तोच आकडा येतो. सीडीने तो उचलला. चित्रपट आणि व्हिडिओच्या जगात मात्र ४८,००० रूढ झाला, आणि कॉम्प्युटर सहसा त्यावर बेतलेले असतात. विंडोजमध्ये ब्राउझरचा आवाज, निरोप आल्याची घंटी आणि तुमचं गाणं हे सगळं एका ठिकाणी मिसळलं जातं, आणि मिसळण्यासाठी सगळ्यांना एकाच मापात आणावं लागतं.

खरं सांगायचं तर हे रूपांतर आजकाल बऱ्यापैकी स्वच्छ होतं आणि तेवढ्याने कानाला फरक पडेलच असं नाही. मला त्रास व्हायचा तो त्याच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींचा. आवाज "सुधारण्याच्या" सोयी आपोआप चालू असतात आणि तंबोऱ्याला घुमवून टाकतात. आलापाच्या मधोमध ईमेलची घंटी पूर्ण आवाजात वाजते. म्हणून मी फूबार २००० हा प्लेअर घेतला. पीटर पाव्लोव्स्की यांनी तो २००२ मध्ये आणला, फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे आणि कामाला फार चोख आहे. त्यात आवाज बाहेर पाठवायची एक्स्क्लुझिव्ह पद्धत निवडता येते. ती निवडली की गाणं चालू असेपर्यंत डॅक फक्त त्या प्लेअरच्या ताब्यात असतो. मिसळणारा मध्ये येत नाही, घंट्या बंद, सुधारणा बंद. पडद्यावर ४४.१ आलं. कॉम्प्युटरमधला आवाजाचा पट्टा मी पूर्ण वर ठेवला, आणि कमी-जास्त करायचं ते ॲम्पच्या बटणानेच. कॉम्प्युटरने गाण्याला हात लावू नये, जसं आहे तसं पुढे द्यावं, एवढंच मला त्याच्याकडून हवं होतं, आणि बहुतेक वेळ त्याला तसं वागायला लावण्यातच गेला.

मग सीडी उतरवायचं काम. गाण्याची सीडी कॉम्प्युटरमध्ये घालून नुसती कॉपी करता येत नाही, कारण तिच्यावर फायली नसतात, आवाजाचा एक लांबच लांब धागा असतो. ओरखड्यामुळे एखादा तुकडा वाचता आला नाही की ड्राइव्ह आजूबाजूचे आकडे बघून तिथे अंदाजाने भर घालतो आणि काही सांगत नाही. आंद्रे वीथॉफ या जर्मन माणसाने लिहिलेला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम संशयास्पद तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि जमलं नाही तर तसं स्पष्ट लिहून देतो. जगभरातल्या लोकांनी तीच सीडी उतरवताना आलेल्या आकड्यांच्या बेरजेशी आपली बेरीज ताडून बघायची सोयही त्यात आहे. पण आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या मैफिलींच्या सीडी त्या यादीत सापडतीलच असं नाही. त्यांच्यासाठी मी प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचायला लावला आणि दोन्ही बेरजा जुळल्या तरच पुढे गेले.

खराब सीडी पुसताना मऊ ओलं फडकं मधून कडेकडे सरळ न्यावं. गोल फिरवलं तर पडणारा ओरखडा धाग्याच्या दिशेनेच पडतो आणि सलग मोठा तुकडा जातो. काही सीडी ट्यूबलाइटसमोर धरल्या तर बारीक छिद्रांतून प्रकाश आला: वरचा चकचकीत थर उडालेला. त्यांना पुसून उपयोग नसतो. त्यातलं जेवढं वाचलं तेवढं घेतलं आणि कुठे किती गेलं याची नोंद फाइलजवळ ठेवली.

सगळं फ्लॅक नावाच्या फाइलच्या प्रकारात ठेवलं. जॉश कोल्सन यांनी २००१ मध्ये हा प्रकार दिला. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट जागा खातो. फ्लॅक त्याच आवाजाला साधारण निम्म्या जागेत बसवतो आणि उलगडताना एकही बिट इकडचा तिकडे होत नाही. मूळ आवाजाची बेरीजही तो फाइलमध्येच लिहून ठेवतो, म्हणून वर्षांनी फाइल बिघडली आहे का ते तपासता येतं. ख्यालाच्या दृष्टीने आणखी एक फायदा आहे. विलंबित आणि द्रुत, म्हणजे संथ आणि जलद भाग, यांचे सीडीवर दोन ट्रॅक केलेले असतात, पण तंबोरा मध्ये थांबलेला नसतो. एमपी३ मध्ये आवाज ठरावीक लांबीच्या तुकड्यांत बांधला जातो, त्यामुळे ट्रॅकच्या कडेला थोडी शांतता शिल्लक राहते. काही प्लेअर ती कापतात, काही कापत नाहीत. न कापणाऱ्या प्लेअरवर द्रुत सुरू होण्याआधी तंबोरा क्षणभर तुटतो आणि मांडलेली बैठक मोडते. फ्लॅकमध्ये हे होत नाही.

सगळ्यात जास्त मन लावून मी केलं ते नावं घालण्याचं काम, आणि या विषयावर फार कमी बोललं जातं म्हणून जरा सविस्तर सांगते. संगीताचे हे सगळे प्रोग्रॅम गृहीत धरतात की गाणं म्हणजे कलाकार, अल्बम आणि ट्रॅक. आपण असा विचार करत नाही. आपल्याला आज मारवा ऐकायचा असतो. किंवा झुमरा तालातलं काहीतरी. किंवा अमुक सारंगीवाल्याची साथ असलेलं. हे अल्बमच्या नावात शोधायला गेलं की "सकाळचे राग, भाग दोन" असं काहीतरी हाती लागतं.

फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचे रकाने हवे तितके घालता येतात आणि ते देवनागरीत लिहिता येतात. मी राग, ताल, लय, घराणं, तबला, हार्मोनियम, सारंगी, बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, मुद्रणाचं गाव आणि साल, आणि प्रहर, असे रकाने केले. सीडीच्या कव्हरवर इंग्रजीत एकच राग तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो, म्हणून लिहिण्याची एक ठरलेली यादी आधी वहीत केली आणि मग तिच्याबाहेर गेले नाही. भीमपलास की भीमपलासी, हे एकदाच ठरवायचं. जयपूर घराण्याच्या जोडरागांनी मात्र विचार करायला लावलं. बसंत केदार कुठे ठेवायचा? फ्लॅकमध्ये एकाच नावाचा रकाना एकाहून जास्त वेळा घालता येतो, त्यामुळे राग या रकान्यात बसंत केदार लिहिलं आणि अंग नावाचा वेगळा रकाना करून त्यात बसंत एकदा, केदार एकदा असं लिहिलं. आता केदार शोधला की शुद्ध केदाराबरोबर त्याचे सगळे नातेवाईक समोर येतात. नाट्यपदांना नाटकाचं नाव आणि चाल ज्या रागावर आहे तो राग दिला. एका बैठकीत एखादी बंदिश आणि तिच्यावर बेतलेलं पद पाठोपाठ ऐकता येतं, हे सुख मला सीडीच्या काळात कधी मिळालं नव्हतं.

प्रहराच्या रकान्यावरून आपोआप भरणाऱ्या याद्या केल्या. सकाळच्या यादीत भैरव, तोडी, ललत. दुपारी सारंगाचे प्रकार, मग भीमपलास, मुलतानी. दिवेलागणीला पूरिया, मारवा. रात्री बागेश्री, दरबारी, मालकंस. घरात सकाळी चहा करताना मी फक्त सकाळची यादी लावते आणि निवड यादीवर सोपवते.

ट्रंकेतल्या कॅसेटी आत्याच्या. आकाशवाणीवर १९५२ पासून राष्ट्रीय संगीत कार्यक्रम होत असे, शनिवारी रात्री. आत्याने कितीतरी वर्षं तो रेडिओला टेपरेकॉर्डर लावून उतरवला. ही गाणी बाजारात कधी आली नाहीत. त्यांच्यासाठी एक चांगला डेक मिळवला, हेड आणि रबराचा रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केला आणि मग हेडचा कोन लावला. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकचा कोन वेगळा असला की वरचे स्वर दबतात, तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा खणखणीत आघात, बोथट होते. गाणं चालू ठेवून, डाव्या-उजव्या स्पीकरचे आवाज एकत्र करून, स्क्रू किंचित फिरवत चाट सगळ्यात उघडी ऐकू येईल तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने. कॅसेट उतरवताना केलेल्या सगळ्या कामांत या एका स्क्रूने जेवढं परत दिलं तेवढं कशानेच दिलं नाही. मुद्रण ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये, २४ बिटवर, पातळी मोकळी ठेवून.

कॅसेटचा वेग ही दुसरी अडचण. जुने टेपरेकॉर्डर थोडे हळू किंवा भराभर चालत, त्यामुळे सगळी पट्टीच सरकते. इथे विजेची घरघर कामाला आली. घरी भरलेल्या बऱ्याच कॅसेटींमध्ये ती बारीक रेघेसारखी मुद्रित झालेली असते. आवाजाच्या आलेखात ती ५० ऐवजी ४९ च्या खाली दिसली तर टेप किती सरकली याचा अंदाज येतो. त्या काळात आपल्या विजेच्या ग्रिडची वारंवारता आजच्यापेक्षा खूप हलायची, म्हणून हा आधार ढोबळच. पण तबल्याचा सूर आणि निवेदकाचा आवाज जोडीला घेतले की बऱ्यापैकी जागेवर येता येतं.

खरखर काढण्याच्या सोयीपासून मात्र लांब राहावं असं माझं ठाम मत आहे. तो प्रोग्रॅम आधी "नुसती खरखर" असलेला तुकडा मागतो आणि तशासारखं जे काही सतत ऐकू येईल ते पुसतो. मैफिलीच्या मुद्रणात नुसती खरखर कुठे सापडणार? गायक थांबला तरी तंबोरा चालू असतो. प्रोग्रॅम त्यालाच खरखर समजतो, आणि पुसून झाल्यावर गायक कापसात गुंडाळलेल्या खोलीत एकटा बसल्यासारखा ऐकू येतो. खरखर राहू दे, थोड्या वेळात कान ती बाजूला सारतो.

हाय-रेझोल्यूशनचा, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजलेल्या आवाजाचा, प्रश्न चाचांच्या मदतीने सोडवला. फूबारमध्ये एक जोड मिळते, ती दोन फायली नावं लपवून ऐकवते आणि कुठली कुठली ते ओळखायला लावते. मी चाचांना चार तऱ्हा ऐकवल्या. १२८ किलोबिटची एमपी३ त्यांनी दर वेळी लगेच पकडली. "तारा पाण्यात भिजल्यात," म्हणाले. कारण समजण्यासारखं आहे: तंबोऱ्यात एकाच वेळी इतके अंश हलत असतात की तेवढ्या जागेत सगळे मावत नाहीत, आणि त्या दराला साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापूनच टाकलेलं असतं. ३२० ची एमपी३ आणि फ्लॅक यांत त्यांना फरक सांगता आला नाही, मलाही नाही. सीडीच्या दर्जाची फाइल आणि ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची फाइल यांतही नाही. एवढं ऐकूनही मी संग्रह फ्लॅकमध्येच ठेवते, कारण फ्लॅकमधून पुढे काहीही करता येतं आणि एमपी३ मधून गेलेलं परत आणता येत नाही. पण जुन्या मुद्रणाची महागडी हाय-रेझोल्यूशन आवृत्ती विकत घ्यायची मला गरज वाटत नाही. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा वाव असतो. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबल आवाज असतोच, छताचा पंखा लावला की त्याहून बराच जास्त. तो सगळा वाव वापरायचा तर सगळ्यात मोठी तान कान फाटेल इतक्या मोठ्याने लावावी लागेल.

राहिलेले पैसे मी खोलीवर घातले. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे, कानाच्या उंचीवर, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, समोर जाड पडदा. याने पडलेला फरक डॅक बदलून पडणार नाही. माझे स्पीकर खर्जाचा ६९ हर्ट्झचा मूळ स्वर पूर्ण ताकदीने देऊ शकत नाहीत, तरी खर्ज भरीव ऐकू येतो, कारण वरचे अंश स्वच्छ पोचले की मूळ स्वर आपला कान स्वतः उभा करतो. डेस्कटॉपच्या पंख्याचा आवाज नको म्हणून तो आतल्या खोलीत हलवला, पाच मीटरची ऑप्टिकल केबल दाराच्या चौकटीवरून हॉलमध्ये आणली, आणि गाणं फोनवरून लावते. सगळ्या संग्रहाच्या दोन प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत, त्यातली एक कोल्हापूरला बहिणीकडे. अधूनमधून सगळ्या फायलींच्या बेरजा तपासून घेते.

आत्याला फ्लॅकचं काही नको. तिच्या रेडिओला पेन ड्राइव्ह लागतो आणि तो फक्त एमपी३ वाजवतो, म्हणून तिच्यासाठी ३२० च्या वेगळ्या प्रती करते. परवा तिने विचारलं, "अगं, माझा तो मारवा निघाला का?" निघाला, पण कॅसेटची बाजू द्रुत रंगात आलेलं असतानाच संपली आहे. तिने बाजू उलटेपर्यंतचं काही मुद्रित झालेलं नाही. गेल्या आठवड्यात चाचांच्या मेहुण्यांकडे त्याच रात्रीची कॅसेट निघाली, त्यांनी साठ मिनिटांऐवजी नव्वदची लावली होती, त्यामुळे तो भाग तिच्यात सलग आहे. दोन्हींचा सा जवळजवळ पाव स्वराने वेगळा येतो. मेहुण्यांच्या कॅसेटची चाट जास्त स्वच्छ आहे, आत्याच्या कॅसेटचा वेग जास्त स्थिर आहे. सध्या मी दुसरीचा वेग पहिलीच्या सा वर आणते आहे. जोड समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, द्यायचा की आवर्तनाच्या मध्ये, हे चाचा रविवारी येऊन ऐकतील तेव्हा ठरेल.